बावीस घरांचा सांड

सरकारी सांड गावात आला त्या दिवशी शाळेला सुटी होती. सुटी मीच दिली, कारण मी दुसरा मास्तर होतो आणि पहिले मास्तर स्वागत समितीवर होते. वेशीपासून चावडीपर्यंत डफडी वाजली, सांडाच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडल्या, आणि पाटलांनी एक भाषण केले. सांडाने त्यातल्या निम्म्या माळा भाषण चालू असतानाच खाऊन टाकल्या. सबंध समारंभात तेवढेच एक काम उपयोगाचे झाले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपुरातून निघालेला हुकूम बुलढाण्यावरून आमच्या गावी पोचला, तो मीच चावडीवर वाचून दाखवला होता. गावठी गुरांची जात सुधारावी म्हणून गावाला चांगल्या अवलादीचा सांड मिळेल, गावाने त्याची निगा राखावी, आणि तीन महिन्यांनी धाड गावच्या बाजारात त्याची पाहणी होईल. निगा बरी नसेल तर सांड परत नेला जाईल.

हे शेवटचे वाक्य नीट ऐकले ते एकाच माणसाने. ती माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. मी तिला मोठी माय म्हणत असे. चुलते गेल्यावर तिने गावाबाहेरच्या गोठ्यात पाच गाई सांभाळल्या होत्या. त्या गाई तिच्या सासूच्या हातच्या वंशातल्या, अंगाने भरीव, पायाने चपळ. त्यांना शोभेल असा सांड दोन वर्षांपासून पंचक्रोशीत उरला नव्हता, आणि गाई म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. हा सांड गेला असता तर तो वंश तिच्या डोळ्यांदेखत संपला असता.

म्हणून तिने पंचांकडे निरोप धाडला की सांड माझ्या गोठ्यात बांधा. पंचांना हसू आले. सरकारने दिलेले जनावर, आणि ते एका बाईच्या दावणीला? पण प्रत्येक पंचाला ते आपल्या दावणीला हवे होते, त्यामुळे भांडण होऊ नये म्हणून आमच्या गावाने आमच्याच गावाला सुचेल असा तोडगा काढला. सांडाची एक समिती करायची आणि त्याचा मान गावातल्या बावीस मोठ्या घरांत वाटून घ्यायचा. रोज एक घर, रोज नवा गोठा.

मान वाटता येतो, पण पोट एकच असते. पहिल्या घराने सांडाला सरकी घातली. दुसऱ्याने सरकी आणि गूळ. तिसऱ्या घरच्या बाईने, शेजारणीपेक्षा कमी पडायला नको म्हणून, पुरणाच्या पोळ्या केल्या. पाटलांच्या वाड्यात त्याने ज्वारीचे अख्खे टोपले फस्त केले आणि त्याबद्दल त्याचे कौतुक झाले. पाणी मात्र कोणी फारसे पाजले नाही. पाणी पाजण्यात मोठेपणा नव्हता, आणि काल ज्याची पाळी होती त्याने पाजलेच असेल, असे आज ज्याची पाळी असेल त्याला वाटत असे.

तिसरा आठवडा लागेपर्यंत सांडाने रवंथ सोडले. शेण पातळ झाले, त्याला आंबूस वास येऊ लागला. निखाऱ्यावरून चालावे तसा तो पाय जपून टाकत होता. शिवाय रोज नवा माणूस वेसण हिसकायचा, त्यामुळे नाक चिघळले होते आणि माणूस जवळ आला की तो शिंगे रोखायचा. आता त्याची पाळी कोणालाच नको होती. एकाच्या सुनेची प्रकृती बरी नव्हती, दुसऱ्याचा गोठा गळत होता. भर उन्हाळ्यात गळत होता.

शेवटी पाटील मला बरोबर घेऊन मोठ्या मायकडे गेले. नात्याने ते तिचे लांबचे दीर लागत. ती शेणाचा हात धूत होती. पाटलांनी बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या. तिने त्या करू दिल्या.

मग म्हणाली, "भाऊजी, सांड मराले लागला तवा वयनीची याद आली काय?"

पाटील म्हणाले, तसे नाही, समितीचा विचार होता.

"मंग समितीले सांगजा, माह्या गोठ्यात तिनं पाय ठेवाचा नाई. चारा मी टाकीन, पाणी मी पाजीन. कोनी गुळाचा खडा घेऊन आलं तर तो खडा आननाऱ्यालेच मी खाऊ घालीन."

सांड तिच्या गोठ्यात आला. तिने त्याची सरकी, गूळ, दाणे सगळे बंद केले. कोरडा कडबा आणि हवे तेवढे पाणी, एवढेच. चार दिवस चुन्याची निवळी पाजली, ओवा आणि काळे मीठ चारले. सकाळ-संध्याकाळ ती त्याला नदीच्या ओल्या वाळूत नेऊन उभा करी, म्हणजे खुरांची आग कमी होई. नाकातली वेसण काढून जखमेला तेल-हळद लावली आणि वेसणीऐवजी तोंडाभोवती दोरीची साधी म्होरकी घातली. गावात बोलले गेले की बाईचे डोके फिरले, सांडाला वेसण नाही म्हणजे आता कोणाचे तरी पोट फाटणार.

मी पुस्तके वाचणारा माणूस. माझा कशावर चटकन विश्वास बसत नसे, आणि तिच्या पद्धतीवरही बसला नव्हता. मी रोज शाळा सुटल्यावर बघायला जाऊ लागलो. तिच्याकडे गुपित असे काही नव्हते. ती रोज त्याच वेळी, त्याच बाजूने, तेच बोलत त्याच्याजवळ जायची. मागून कधी गेली नाही, काठी कधी उचलली नाही. पाठीवरून हात फिरवत खाली पायापर्यंत न्यायची आणि तो दचकला की हात तिथेच ठेवून थांबायची. एके दिवशी तिने मला बोलावून सांडाच्या कुशीला कान लावायला सांगितला. आत दूरवर गाडी चालल्यासारखा घुमणारा आवाज येत होता.

"आयकू येते? पोट चालू झालं," ती म्हणाली. पंधरा दिवसांत सांड डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागला.

पाहणीच्या दिवशी धाडच्या बाजारात मांडव घातला होता. आसपासच्या गावांचे सांड आले होते, झुली घातलेले, शिंगांना बेगड लावलेले. जनावरांचे डॉक्टर साहेब मुसलमान गृहस्थ होते, वयस्कर, कमी बोलणारे. बाजूला खुर्चीवर तहसीलदार होते. आमचा सांड मांडवात न्यायचा मान अर्थातच पाटलांचा. त्यांनी नवी पगडी घातली आणि मोठ्या मायच्या हातातून दोर घेतला. ती बायकांमध्ये कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली.

डफडे वाजले. सांड मांडवाच्या तोंडाशी थांबला. पाटलांनी ओढले. सांड हलला नाही. त्याने ना शिंगे रोखली, ना तो फुरफुरला. नुसता उभा राहिला. पाटलांनी दोन्ही हातांनी ओढले तेव्हा पगडी मात्र पुढे आली. शेजारच्या गावचे लोक हसू लागले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहायला सुरुवात केली. सांड परत जाणार असे मला वाटले.

मोठी माय गर्दीतून पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"डफडं थांबवा. भाऊजी, दोर सोडा."

पाटलांनी दोर सोडला. तिने तो उचललाही नाही. ती सांडाच्या डाव्या अंगाने गेली, "चाल बापा" म्हणाली आणि पुढे चालू लागली. दोर धुळीत ओढत सांड तिच्यामागे चालला. साहेबांनी खूर पाहायचा आहे म्हणून सांगितले. त्यासाठी इतर सांडांना चार-चार माणसे लागली होती. तिने पायावरून हात खाली नेला आणि सांडाने पाय उचलून दिला. साहेबांनी चारही खूर पाहिले, डोळ्याची पापणी उलटून पाहिली, कुशीला कान लावला.

मग विचारले, "यह साँड किस के पास रहता है?"

पाटील म्हणाले, "गाव के पास, साहेब."

"मैंने पूछा, किस के पास?"

पाटलांनी एकदा तहसीलदारांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग पगडी काढून हातात घेतली. "माह्या वयनीजवळ," ते म्हणाले, "आमी तर त्याले मारूनच टाकलं होतं." त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेले हे सर्वांत चांगले भाषण.

साहेबांनी सांड गावातच ठेवण्याचा शेरा लिहिला, आणि खाली लिहिले की तो या बाईंच्या गोठ्याबाहेर कुठेही बांधू नये. कागदात सांभाळणाऱ्याच्या हुद्द्याचा रकाना होता. मी तिला विचारले, काय लिहू? पाटलांनी अध्यक्ष वगैरे सुचवून पाहिले.

"शेन काढनारी लिहिजो," ती म्हणाली.

मी तसेच लिहिले. त्याखाली तिने अंगठा उठवला, साहेबांनी सही केली आणि तहसीलदारांनी सरकारी शिक्का मारला. पुढच्या वर्षी तिच्या पाचांपैकी चार गाई व्याल्या, तीन कालवडी आणि एक गोऱ्हा. तिने एकेका कालवडीच्या पाठीवरून पायापर्यंत हात फिरवला. नंतर मला म्हणाली, "झालं. आता मी मेली तरी गोठा मरत नाई."