मेंदीचे हात आणि सुरुंगाची माती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. आणि मी किती बडबडी, ते गारखेड्याच्या आमच्या साऱ्या गल्लीला ठाऊक आहे!

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. करमाडजवळ आमच्या मळ्यात विहीर खणत होते. खाली काळा पाषाण लागला, म्हणून सुरुंगासाठी यासीनचाचांना बोलावलं. चाचा खडकात भोक पाडायचे, तळाशी दारू भरायचे आणि वरून ओल्या मातीच्या वळ्या ठासून भोकाचं तोंड बंद करायचे. त्या वळ्या मळायचं काम नव्या सुनेचं — म्हणजे माझं.

“बेटी, आटे के सरीका गूँद,” ते म्हणायचे. “दारू जली तो धुआँ रास्ता ढूँडता. मुँह पक्का बंद रहा तो पत्थर फाडता. ढीला रहा तो बंदूक के सरीका ऊपर से छूटता.”

मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. अख्ख्या रानात शहाणी तेवढी मीच, असा तर माझा तोरा!

पण त्या दिवशी माझ्या हातांवर मेंदी होती — नणंदेच्या लग्नाची. चाचांच्याच बायकोनं काढलेली, तळहातावर मोर. उद्यापर्यंत पाणी लावू नको म्हणाली होती. आता सांगा, मोर मोठा की विहीर? मी नावापुरतं पाणी शिंपडून कोरडीच माती काठीनं कालवली, बोटांच्या टोकांनी कशाबशा वळ्या केल्या आणि भेगा दिसू नयेत म्हणून वरून काठीनंच ओलं फडकं फिरवलं. वरून तुळतुळीत, आत भुसभुशीत — अगदी माझ्यासारख्या.

चाचांनी त्या दाबूनसुद्धा पाहिल्या नाहीत. माझ्या हातच्या होत्या ना.

वात पेटवून सगळे नेहमीसारखे लिंबाखाली येऊन थांबलो. एरवी आधी पायाखाली जमीन हादरायची. त्या दिवशी जमीन हललीच नाही. फाडकन आवाज झाला, आणि आभाळातून दगड आला तो चाचांच्या गुडघ्यावर.

बैलगाडीत घालताना त्यांनी मला विचारलं, “बेटी, मिट्टी तो बराबर थी ना?”

सासरे शेजारीच उभे होते. मी हात पदराखाली घेतले. “व्हय चाचा. रोजच्यासारखीच.”

“फिर मेरा ही हाथ कच्चा पडा,” ते म्हणाले.

विचारेल त्याला ते हेच सांगत राहिले. दुसरं कुणी नाही — ते स्वतःच! मग सुरुंगाला त्यांना कोण बोलावणार? लंगडत शेळ्या राखायला लागले. विहिरीला पाणी लागलं, पण दुसऱ्याच्या हातून. उन्हाचे ते आमच्याकडं थांबायचे. मी पाणी शेंदायचे, त्यांच्या ओंजळीत ओतायचे. “जीती रह, बेटी,” म्हणायचे.

मी जगले की. चांगली लांबलचक जगले. त्या ओंजळीत वर्षानुवर्षं पाणी ओतलं, आणि एकदाही ते वाक्य तोंडाबाहेर पडलं नाही. केवढं होतं ते?

माती कोरडी होती, चाचा.