पातूरच्या उतारावर थांबलेली गाडी

फाल्गुनात सकाळीच दर्यापूर सोडलं तेव्हा गाडीत मी एकटाच होतो. मागच्या खेपेला पातूरचा घाट उतरताना ब्रेक तापले, धरेनात, अन् गाडी मी डोंगराला घासून उभी केली. तेव्हापासून आमच्या घरचीनं तिच्यात पाय ठेवला नाही. घाटावर मेडशीला तिची बहीण अंथरुणाला खिळलेली. भेटीला एसटीनं जाईन म्हणाली. दारात माझी गाडी, अन् बायको एसटीनं. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे ऐकून घेणारा नाही.

अकोल्यापर्यंत दोन्ही हातांना काळं रान. पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उभ्याच होत्या, पीक बुडालेलं, उपटायला कुणाचं मन झालं नव्हतं. भंगारबाजारात त्या साली नांगर अन् पाण्याच्या मोटारींचे ढीग. ब्रेक बदलायला मी अकोल्याच्या करीमभाई मिस्तरींकडं गेलो, ते मला तिथं घेऊन गेले. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. त्यांच्या जागी डिस्क बसवायची, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, अन् तिला दोन्हीकडून दाबणारा कॅलिपर. चार मोडक्या गाड्या करीमभाईंनी नाकारल्या. पाचवी मागून चेंबलेली होती. तिच्यापाशी ते बसले.

"हिचेच घ्या, काकाजी. हिचे ब्रेक लागले म्हून तं मागच्यानं ठोकलं."

असं डोकं चालवणारा मिस्तरी मी पाहिला नव्हता. रबर अन् नळ्या मात्र त्यांनी नव्याच घ्यायला लावल्या. कॅलिपर मी माझ्या हातानं खोलले अन् त्यांच्यावर खडूनं डावा, उजवा लिहिलं.

गॅरेजात चून-भाकर (पिठलं-भाकरी) खाल्ली. चकत्या बसवून करीमभाई नमाजाला गेले, कॅलिपर आपण मिळून लावू असं बजावून. मी कशाला थांबतो? खडू पाहून दोन्ही आवळून टाकले.

ते आल्यावर तेल भरून नळीतली हवा काढू लागलो. मी पेडल दाबतो, ते कॅलिपरची निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, ढिली करतात. तासभर झाला, पेडल आपलं फळीलाच टेकतं. नवी नळीच खराब निघाली, असं मी बोलून मोकळा झालो. करीमभाई चाकापाशी वाकले अन् हसले.

"खडू कुठं उभं राहून मारला, काकाजी?"

"गाडीसमोर."

"मंग तुमचा डावा गाडीचा उजवा झाला ना. बैलं बी समोरूनच जुपता का तुमी?"

लावताना मी सीटवरून डावं-उजवं धरलं होतं. कॅलिपर उलटसुलट लागल्यानं निपल खाली गेली होती, हवा वरच कोंडली होती. बैलांवरून मला पन्नास वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी पाना पुढं केला. त्यांनी दोन्ही काढून बदलून लावले. पेडल दगडासारखं झालं. मग शेजारी बसून, गावाबाहेर नेऊन, माझ्याकडून वीसदा तरी गाडी थांबवून घेतली.

घरी येऊन सगळं सांगितलं, खडूसकट. घरची म्हणाली,

"तुमी सोताची चूक सांगून राह्यले, म्हंजे गाडी खरंच दुरुस्त झाली असन."

अन् आठ दिवसांनी ती शेजारी येऊन बसली.

बहिणीला भेटून परतताना, घाटाच्या ऐन उतारावर ती म्हणाली, "थांबवा." थांबवली. गाडी जागच्या जागी उभी राहिली. ती उतरली, कडेला गेली. खाली दरीभर पळस फुललेला. इतक्या वर्षांत या उतारावर आम्ही कधी थांबलोच नव्हतो, नुसते जीव मुठीत धरून उतरायचो. मी करीमभाईंची आठवण करत पेडलवर पाय ठेवून बसलो, तिचं पाहून होईपर्यंत.