एकतीस की तेहतीस

चष्मेवाले दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसायचे. समोरच्या माणसाच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट ठेवायची, तिच्यात एकेक भिंग घालायचं, आणि शांतपणे विचारायचं, "हे बरं, की हे?" हे काम ते ऐन पंचविशीपासून करत होते. गिऱ्हाईक म्हणायचं, "दोन्ही सारखंच वाटतंय." त्यावर ते कधी चिडले नाहीत. त्यांना स्वतःलाही जगातल्या बहुतेक गोष्टी दोन्ही सारख्याच वाटायच्या.

त्यांचं शिक्षण वडिलांनी ठरवलं. दुकानाची जागा काकांनी बघितली. मुलगी आत्याने पाहिली, आणि ती मुलगी, म्हणजे त्यांची बायको, मनाने खमकी निघाल्यामुळे पुढचं सगळं तिने ठरवलं. हॉटेलात गेल्यावर ते शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघायचे आणि वेटरला म्हणायचे, "तेच." यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. उलट आपण फार समजूतदार आहोत, असाच त्यांचा समज होता.

शहराबाहेर डोंगरावर दगडाची खाण होती आणि खाणीला लागून वस्ती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना खाली उतरणं होत नसे. एकदा खाणीचा मुकादम दुकानात चष्मा करायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "वर येऊन आमच्या लोकांचे डोळे तपासाल का?" चष्मेवाल्यांना नाही म्हणता येईना. ते एकदा गेले. मुकादमाने विचारलं, "पुढच्या महिन्यात कधी?" तेव्हाही नाही म्हणता आलं नाही. असं करत करत ते कित्येक वर्षं दर महिन्याला वर जात होते, आणि लोक त्यांना समाजसेवक म्हणू लागले होते.

गाडी त्यांची मोठी होती, चारही चाकं ओढणारी, जुनी पण दणकट. एकदा वर जाताना रस्त्यातल्या एका दगडाने गाडीला खालून अशी काही धडक दिली की मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा फुटला आणि सगळं तेल गळून गेलं. खाणीच्या ट्रकने दोर बांधून गाडी वस्तीपर्यंत ओढत नेली. तपासणीसाठी रांगेत बसलेल्या मंडळींना समोरचं फारसं दिसत नव्हतं, पण तेवढं सगळ्यांना दिसलं.

गॅरेजवाल्याने गोळा बदलला आणि न विचारता सांगून टाकलं, "गाडी दोन इंच उचलून घेऊ." उचलली. मग त्याने हात पुसत पुढचं सांगितलं, "आता टायर बघा. उचलल्याने गाडीचं पोट वर गेलंय, पण तो गोळा चाकांच्या मधोमध बसतो. चाकं मोठी होत नाहीत तोवर तो जिथल्या तिथेच. परत फुटेल."

"किती मोठी?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं."

गाडी घरी आली तेव्हा शेजारचे शिंपीकाका बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पँट आखूड झालीय." त्यानंतर ती गाडी बघताना चष्मेवाल्यांना दुसरं काही दिसेना.

त्यांच्या बायकोचा भाऊ सोफ्याच्या शोरूमचा मालक होता. त्याला प्रत्येक गोष्टीत मत होतं, आणि गाड्यांच्या बाबतीत तर दोन-दोन. "भावोजी, मी येतो बरोबर," तो म्हणाला, आणि आला.

टायरचं दुकान एक बाई चालवत. बाई आडव्या बांध्याच्या, आवाज असा की आत हवा भरायचं यंत्र चालू असलं तरी बाहेर रस्त्यावर ऐकू जावा. दुकानात टायरांच्या उभ्या चळती होत्या आणि एका चळतीवर बाईंचा चहाचा कप. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, चाकाच्या वर हात घालून बोटांनी अंतर मापलं आणि विचारलं, "हिच्यावर आत्ता एकोणतीस इंची आहेत. चालवणार कशावर?"

"खाणीच्या रस्त्यावर," चष्मेवाले म्हणाले.

"आणि शहरात पण," मेहुणा म्हणाला. "शहरात दिसायला पाहिजे. तेहतीस इंची लावा. आणि रिम मोठी, रुंद, बाहेर आलेली. रुबाब पाहिजे."

बाईंनी मान हलवली. "एकतीस आरामात बसतील. तेहतीस घासतील."

"थोडं घासलं तर काय बिघडतं?"

"काही नाही. आधी थोडं घासेल, मग जास्त घासेल." बाई चष्मेवाल्यांकडे वळल्या. "दगडधोंड्यात जायचं तर रिम आहे तेवढीच ठेवा, रबर जाड घ्या. दगड लागला तर रबर दबतं, रिम दबत नाही. पण गाडी तुमची. काय लावू?"

चष्मेवाल्यांना उत्तर माहीत होतं. बाईंचं बोलणं त्यांना शंभर टक्के पटलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून जे वाक्य आजवर हजार वेळा बाहेर पडलं होतं तेच बाहेर पडलं, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल ते. मला दोन्ही चालेल."

"तेहतीस," मेहुणा म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली तेव्हा बायको बाहेर आली. तिने चाकांकडे बघितलं, मग दाराच्या कडीकडे, मग नवऱ्याकडे. "चढायचं कुठून?" तिने विचारलं. याचा विचार कुणीच केला नव्हता.

नेमकं त्याच महिन्यात आईने जाहीर केलं की तिला खाण बघायची आहे. आई ऐंशीच्या घरात होती, गुडघे कामातून गेले होते, तोंड शाबूत होतं. सुनेने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दाराशी ठेवलं. आई स्टुलावर चढली, चष्मेवाल्यांनी खालून आणि बायकोने आतून असा जोर लावला, आणि आई पुढच्या सीटवर स्थानापन्न झाली. तिला ती उंची फार आवडली. "सगळ्यांची टकलं दिसतात," ती म्हणाली.

गाडी निघाली. नव्या चाकांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येत होता. स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की वळण आलं की चष्मेवाले खांद्यापासून कामाला लागत. मीटरच्या काट्याने साठ ओलांडलेलं त्यांना कधीच चालत नसे, म्हणून त्यांनी नजर काट्यावर ठेवली होती.

"झाडं फार जोरात चाललीत," आई म्हणाली.

"साठच आहे, आई. बघ."

"मग त्या मीटरला चष्मा लाव."

मागच्या सीटवरून बायकोनेही तेच म्हटलं, तेव्हा चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं. चाक मोठं झालं की एका फेरीत जास्त अंतर जातं, आणि मीटरला ते कुणी कळवलेलं नसतं. त्यांनी मुकाट्याने वेग कमी केला.

चढणीवर मात्र गाडी मस्त गेली. ज्या दगडाने गोळा फोडला होता त्याच्यावरून ती अलगद गेली. चष्मेवाले मनात म्हणाले, बरोबर होता की मेहुणा.

वस्तीत पोहोचल्यावर कळलं की स्टूल घरीच दाराशी राहिलं आहे.

"मी इथेच बसते," आई म्हणाली. "मला काय धाड भरलीय." मग तिलाच काम मिळालं. अक्षरांचा तक्ता टांगायला दरवेळी जागा शोधावी लागायची; तो तिच्या खिडकीतून बाहेर सोडला आणि आई वरून काठीने एकेक अक्षर दाखवू लागली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की गाडीतून कुणी भाषण करतंय.

खाणीच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या एक आजी होत्या. भरलेले ट्रक किती वजनाचे ते त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. हल्ली आकडे धूसर दिसू लागल्यामुळे त्या ट्रकच्या आवाजावरून सांगत. त्या समोर बसल्या. आईने काठी टेकवली.

"घ," आजी म्हणाल्या.

"जवळ आलात," आई म्हणाली. "नीट बघा. डोक्यावर रेघ आहे का अख्खी?"

"मग ध."

"बरोब्बर!"

"आई, असं सांगायचं नसतं," चष्मेवाले म्हणाले.

"का? बिचारी चुकतेय."

चष्मेवाल्यांनी तोवर झालेल्या सगळ्या तपासण्या रद्द केल्या आणि पहिल्यापासून सुरू केल्या. आई जरा वेळ रुसली, पण काठी तिने सोडली नाही.

परत येताना खाणीखालच्या चिंचोळ्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढच्या डाव्या चाकाने वरच्या पत्र्याच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर धरलं. कर्रकर्र असा आवाज झाला. मग काहीतरी फाटल्याचा. मग चाक फिरेना. गाडी रस्त्याच्या बरोबर आडवी उभी होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. खालून भरायला येणारे रिकामे ट्रक थांबले, वरून भरलेले थांबले, आणि सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

चष्मेवाले उतरले, म्हणजे उडी मारली, आणि खडीत गुडघे टेकून चाकामागे डोकं घातलं. फाटलेलं अस्तर टायर आणि पत्र्याच्या मध्ये गच्च अडकलं होतं. आतला पत्रा एका जागी घासून घासून आरशासारखा चकाकत होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून घासत होतं. गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं, एवढंच.

ते दोन्ही हातांनी प्लॅस्टिक ओढत होते आणि त्यांना राग येत होता. आधी मेहुण्याचा आला. पण मेहुणा सोफे विकणारा माणूस. त्याने रुबाब मागितला, त्याला रुबाब मिळाला. बाईंचा यावा तर बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मग उरलं कोण? खडीत गुडघे टेकून बसलेला एकटाच. त्याला सगळं माहीत होतं आणि त्याने म्हटलं होतं, मला दोन्ही चालेल. आत्ता त्याची आई आणि बायको दरीच्या काठावर बसल्या होत्या आणि त्याला दोन्ही चालत नव्हतं.

एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "अहो, झोपलात का खाली?"

वरून आईचा आवाज आला, "तो विचार करून काम करतो! जरा दम धरा!"

प्लॅस्टिक सुटलं. मग वीत वीत मागे, वीत वीत पुढे करत, स्टिअरिंग कधीही पूर्ण न फिरवता, त्यांनी गाडी वळवली. बायको खाली उतरून काठावर उभी होती आणि हाताने खुणा करत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण खुणा चोख होत्या. गाडी सरळ झाल्यावर ती आत चढली आणि घर येईपर्यंत पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले टायरच्या दुकानात गेले. मेहुणाही आला होता. "भावोजी, आपण असं करू, पत्रा जरा कापून..." असं त्याने सुरू केलं.

"तू बस," चष्मेवाले म्हणाले. मेहुणा एका टायरवर बसला. असं काही आपल्याला सांगितलं जाईल याची त्याला सवय नव्हती.

"एकतीस इंची," चष्मेवाले बाईंना म्हणाले. "माझी जुनी रिम. जाड रबर. चाक बाहेर यायला नको, काल सगळा चिखल दारांवर उडाला. आणि चार नकोत, पाच द्या. स्टेपनीपण त्याच मापाची."

"स्टेपनीचं मीच सांगणार होते," बाई म्हणाल्या.

"आणि आधी एकच बसवा, पुढे डावीकडे. मला बघायचंय."

"बसेल हो, मी सांगते ना."

"तुम्ही खरं सांगताय. पण मला बघायचंय."

बाई पुटपुटल्या, पण बसवलं. अंगणात फळ्यांची चळत रचली, एक चाक तिच्यावर चढवलं म्हणजे ते आत जास्तीत जास्त दबेल, आणि चष्मेवाल्यांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग उतरून हात घातला. टायर आणि पत्रा यांच्यामध्ये एक बोट सरळ जात होतं. दुसरं जात नव्हतं.

"चिखल भरला की थोडं लागेल," बाई म्हणाल्या.

चष्मेवाले त्या फटीकडे बघत राहिले. मेहुणा काही बोलायला उठला आणि परत बसला.

"तेवढं चालेल," चष्मेवाले म्हणाले. "लावा बाकीचे."

तेहतीस इंची चाकं मेहुण्याने नेली आणि शोरूमच्या काचेत सोफ्याच्या दोन्ही बाजूंना उभी केली. लोक येऊन सोफ्याऐवजी त्यांचीच चौकशी करू लागले.

त्या आठवड्यात चष्मेवाल्यांना ठरवायचा नाद लागला. त्यांनी पडदे ठरवले, हॉटेलात वेटर यायच्या आधीच सांगून टाकलं, आणि रविवारी जेवायला काय करायचं तेही ठरवू लागले. तिथे बायकोने अडवलं. "टायरपुरतं ठीक होतं," ती म्हणाली. पण पडदे तिने राहू दिले.

पुढच्या खेपेला गाडी नव्या टायरवर वर गेली. दगडावरून जाताना खालून एक हलकासा टक् आवाज आला, गोळा शाबूत राहिला. चिंचोळ्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. काही नाही. आई या वेळी आठवणीने आणलेल्या स्टुलावर पाय ठेवून काठीच्या आधाराने उतरली आणि वस्तीभर फिरून आली.

चष्मेवाल्यांनी वजनकाट्यावरच्या आजींचा चष्मा बरोबर आणला होता. तो त्यांनी स्वतः त्यांच्या डोळ्यांवर बसवला, दांड्या कानामागे नीट केल्या. आजींनी आधी काट्यावरचा आकडा वाचला. मग लांब उभ्या असलेल्या ट्रकची पाटी वाचली. मग मान वर करून, इतकी वर्षं वस्तीतल्या लोकांचे डोळे तपासायला येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही तरुण आहात."

"नाही," चष्मेवाले म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.