दोन सह्यांची ठेव

समजा, तुम्हाला सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवायचा आहे. रविवारची सकाळ आहे, चहा झालाय, वहीचं कोरं पान समोर आहे. भाडं लिहा. दूध, किराणा, भाजी, कामवाल्या दीदींचा पगार लिहा. विजेचं बिल लिहिताना जूनचं धरा, कारण फरीदाबादचा जून डिसेंबरच्या हिशेबात बसत नाही. बेरजेला सहाने गुणा. आता त्या आकड्याकडे नीट बघा आणि ठरवा, एवढे पैसे साठेपर्यंत ते स्वतःपासून कुठे लपवायचे.

मयुराने हे तीनदा केलं होतं. पहिल्यांदा पैसे नेहमीच्या खात्यातच ठेवले आणि दिवाळीच्या सेलमध्ये त्यांचा सोफा झाला. दुसऱ्यांदा वेगळ्या बँकेत वेगळं खातं उघडलं. मग साकेतच्या मित्रांचं लडाखला जायचं ठरलं. दोन्ही वेळा नवराबायकोने एकमेकांना एकच वाक्य ऐकवलं होतं, "पुढच्या महिन्यात भरून टाकू यार."

मयुरा गुडगावच्या एका कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे मोडेल ते शोधायचं, हे तिचं काम. बटण दोनदा दाबलं तर? नेट मधेच गेलं तर? तिसऱ्या वेळी तिने स्वतःच्या बचतीलाही तेच प्रश्न विचारले आणि मोडणारी जागा तिला लगेच सापडली. ती जागा म्हणजे ती आणि साकेत.

म्हणून हा निधी गेला सातारा जिल्ह्यातल्या वडूजला, साकेतच्या गावच्या पतसंस्थेत. इथून दरमहा बारा हजार पाठवायचे. काढायचे असतील तर मात्र दोघांनी तिथे जाऊन, समोर उभं राहून सही करायची. पतसंस्थेचे मॅनेजर राजाभाऊ साकेतचे लांबचे काका. गणपतीत फॉर्म भरताना ते म्हणाले होते, "सूनबाई, अशी अट कुणी घालत नाही. संचालकांपुढे ठेवावं लागेल."

"ठेवा की," मयुरा म्हणाली होती. ठराव पासही झाला. परतीच्या गाडीत ती इतकी खूश होती की साकेत तिला पुण्यापर्यंत 'चेअरमनबाई' म्हणत होता.

बारा हजार काही आकाशातून पडत नव्हते. तिने क्रेडिट कार्ड बंद केलं. ऑफिसच्या आरोग्य विम्यातून साकेतचं नाव काढलं, कारण त्याला त्याच्या कंपनीचा विमा होताच आणि महिन्याला अकराशे वाचत होते. खालच्या मजल्यावरच्या कमलेश आंटी बारा जणींची कमेटी चालवायच्या. दरमहा प्रत्येकीने दहा हजार द्यायचे आणि जमलेले सगळे एकीने उचलायचे. त्यांनी किती वेळा बोलावलं, पण मयुराने दर वेळी हसून टाळलं. ना पावती, ना व्याज, नुसता विश्वास. तिच्यातल्या टेस्टरला ते बघवत नसे.

तीन वर्षांत आकडा पूर्ण झाला. त्या ऑगस्ट महिन्यात दोघांनी छोले-भटुरे खाऊन तो साजरा केला.

सप्टेंबरअखेर साकेतने नोकरी सोडली. नवी सोळा ऑक्टोबरला सुरू होणार होती. "पंधरा दिवस नुसतं लोळणार," तो म्हणाला. आठव्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, तो लोळतच होता, पण पोट धरून. मयुराने त्याला रिक्षात घातलं आणि जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. पित्ताशयात खडे, आत पू झालेला. उद्या सकाळी ऑपरेशन, थांबण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "इंश्योरेंस, मैडम?"

मयुराने तारखा मोजल्या. साकेतच्या जुन्या कंपनीचा विमा तीस तारखेला संपला होता. नव्या कंपनीचा अजून सुरू व्हायचा होता. आणि तिच्या विम्यातून नाव तिनेच काढलं होतं.

"कैश," ती म्हणाली.

"डेढ़ लाख एडवांस. शाम छह बजे तक."

खात्यात अडतीस हजार होते. बाहेर येऊन तिने वडूजला फोन लावला. पार्किंगमध्ये एक गाडी सारखी मागे घेत होते आणि त्या आवाजात तिला राजाभाऊंचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून ती चालत राहिली. गेटपर्यंत जायची आणि परत फिरायची.

"पैसे एकदम सुरक्षित आहेत," राजाभाऊ म्हणाले. "चार लाख ऐंशी हजार. काळजी करू नका."

"सुरक्षित आहेत ते माहितीये मला. मला ते आज हवेत."

"साकेत येईल का इकडे?"

"राजाभाऊ, तो सलाइनवर आहे."

"मग कसं करायचं? तुमच्याच हातचं आहे फॉर्मवर. दोघंही समक्ष हजर असल्याशिवाय रक्कम देऊ नये. खाली दोन रेघाही मारल्यात."

"मग मीच सांगते, ती अट काढून टाका."

"काढू की. पण त्याला पण दोघं समक्ष लागतात."

मयुरा थांबली. ठेवीवर कर्ज? त्यालाही दोन सह्या. व्हिडिओ कॉल? फोनवर सही कशी घेणार, आणि संचालकांना काय सांगणार. राजाभाऊ टाळत नव्हते, हे तिला कळत होतं. तिने बंद करून घेतलेलं दार ते इमानदारीने सांभाळत होते. शेवटी तेच खाकरून म्हणाले, "माझ्या खात्यातनं वीस हजार टाकतो. नाही म्हणू नका."

ती नाही म्हणाली नाही, आणि तेच तिला लागलं. तीन वर्षं कशासाठी हे केलं होतं? अशा दिवशी कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढ्यासाठी. आणि पहिल्या तासातच वीस हजार पसरलेल्या हातात येऊन पडले होते. अडतीस आणि वीस, अठ्ठावन्न. घड्याळात दीड वाजला होता.

साकेतचे कपडे आणायला ती घरी गेली. जिन्यात कमलेश आंटी मटार सोलत बसल्या होत्या. मयुराला सांगायचं नव्हतं, पण आंटींनी चेहरा बघून वाट अडवली आणि तिला सगळं सांगावं लागलं. दोन सह्यांचंसुद्धा.

आंटींनी हातातली शेंग परातीत टाकली. "तेरे वाले पैसे तो बड़े पक्के निकले बेटा," त्या म्हणाल्या. "हिलते ही नहीं." आणि शेंगांची परात बाजूला सारून फोन हातात घेतला.

या महिन्याची कमेटी दुसऱ्या मजल्यावरच्या एकीला लागली होती. तिला मुलीच्या लग्नाचे दागिने करायचे होते. आंटींनी तिला दोनच वाक्यं ऐकवली. साडेचारला एक लाख वीस हजार मयुराच्या घरी आले, किराण्याच्या पिशवीतून. पावती नव्हती. "बारह महीने में दे देना," आंटी म्हणाल्या, "और अगली बार से तू भी डालेगी, समझी?"

ऑपरेशन नीट झालं. साकेत पाचव्या दिवशी घरी आला आणि सातव्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "अगं, सोपं आहे. वडूजचे सगळे पैसे आणू आणि फोनवरच्या खात्यात टाकू. एक बटण दाबलं की हजर."

"आणि दिवाळीचा सेल?"

"सेलचं काय? आता अक्कल आलीये आपल्याला."

सकाळीच त्याने मयुराला एका टीव्हीचा फोटो पाठवला होता, खाली 'बघ फक्त' असं लिहून.

तिने वही काढली आणि एकामागून एक शक्यता लिहीत गेली. एक जण बेशुद्ध. दोघं एकत्र अपघातात. बँकेला सुट्टी. फोन हरवला. सेल. लडाख. थोडे इथे, थोडे तिथे? अर्धे एकाच्या सहीवर? आंटींची कमेटी, पण आंटीच उद्या मुलाकडे कॅनडाला गेल्या तर? प्रत्येक व्यवस्था कुठल्या तरी एका ओळीला मोडत होती. तिने पान फाडलं, दुसऱ्या पानावर पुन्हा सुरुवात केली, तेही अर्ध्यात सोडून उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. पाच मिनिटांत परत येऊन बसली.

साकेत प्रवास करण्याइतका बरा झाल्यावर जायचं म्हणून त्यांनी साताऱ्याची तिकिटं काढली. तसं कळवायला तिने राजाभाऊंना फोन केला. त्यांनी मागच्या अर्जाची प्रत आधीच काढून ठेवली होती.

"मग, सूनबाई? पैसे मोडून नेणार, का नुसती अट बदलायची? एकाच्या सहीचं करू?"

"करा," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "नको, थांबा."

"काय झालं?"

"राजाभाऊ, तुमच्याकडे रोज माणसं ठेव मोडायला येतात. खरंच गरज आहे म्हणून आलेला आणि गरज आहे असं नुसतं वाटतंय म्हणून आलेला, दोघं दिसतात सारखेच, बोलतातही सारखंच. मग पहिल्याला तासाभरात पैसे मिळावेत आणि दुसऱ्याला दारातूनच परत पाठवावं, हे तुम्ही कशावरून ठरवता?"