पार्वताबाईंच्या रायफलीवरची छाप

अमरावतीच्या पोलीस शस्त्रागारात गोवर्धनभाऊंनी चौतीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. जुनी विलायती रायफल हातात आली, की ते आधी नळीवरच्या छापा शोधत. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे राजदंड दिसले, तर नळी जादा दारू भरून, बार उडवून पारखलेली. मुकुटाखाली नुसता आकडा असला, तर ती तपासनिसाची खूण. निवृत्तीनंतरही लोक लांबून बोलवायचे. भाऊ चष्मा पुसत बोलू लागले, की ऐकणाऱ्यापुढं सातासमुद्रापलीकडचा कारखाना उभा राहायचा. हाताखाली शिकणाऱ्यांना मात्र एकच ताकीद होती: "लाकडातून नळी काढून खालची बाजू पाहिल्याबिगर तोंड उघडायचं नाही."

अकोल्यात, एका शाळेच्या सभागृहात, ती ताकीद ते स्वतःच विसरले.

जुन्या शस्त्रांचं आठवडाभराचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाला तीनशे माणसं आणि भाऊंच्या हातात माईक. बाळापूरच्या पार्वताबाई नातीला, प्रणालीला, घेऊन मंचावर आल्या. त्यांचे आजेसासरे मेळघाटात गोऱ्या साहेबांचे वाटाडे होते. एका साहेबानं जाताना त्यांना आपली रायफल बक्षीस दिली होती. परवान्यासकट ती घरानं जपली. नळी आरशासारखी लख्ख होती. भाऊंनी अंगठा फिरवला. काहीच लागेना. खोलून बघायचं, तर समोरची गर्दी तेवढा वेळ थांबली नसती.

"बाई, याच्यावर छापच नाही!" भाऊ माईकवर म्हणाले. "ही लोहाराच्या हातची नक्कल हाय. साहेबानं तुमच्या बुढ्याले मस्त बनवलं!"

सभागृह खदखदून हसलं. ते हसू भाऊंना फार गोड लागलं.

"आमच्या घरचं कोणी खोटं बोलत नाही," पार्वताबाई म्हणाल्या, पण माईक त्यांच्याकडं नव्हता. रायफल लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून त्या खुर्च्यांमधून निघून गेल्या.

चार दिवसांनी सकाळी भाऊंची बायको, वच्छला, चिंचेनं तांब्या घासत होती. "पाहा जी, माह्या मायनं लग्नात नाव घालून देल्ला होता. घासू घासू नावच गेलं. आता कोणीबी म्हणन, हा मायघरचा नोहे."

भाऊंनी चहाची कपबशी खाली ठेवली. दसरा! शस्त्रपूजेआधी रायफल घासायची. राख, चिंच, तेल. चार पिढ्यांचे दसरे. छाप नव्हतीच असं नाही, ती भक्तीनं झिजली होती. आणि हे ओळखण्यासाठीच तर लोक आपल्याला बोलवत होते. त्यांची मान आपोआप खाली गेली.

दुपारी ते बाळापूरला पोचले. पार्वताबाईंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत.

"मावशी, एक डाव खोलून पाहू द्या."

"कावून? अजून हसाचं राह्यलं काय?"

प्रणालीनंच रायफल आणून समोर ठेवली. भाऊंनी पेच सैल केले, कडी सरकवली, नळी उचलली. खालच्या बाजूला, जिथं दसऱ्याचा हात कधी पोचला नव्हता, तिथं मुकुट होता, राजदंड होते, तपासनिसाचा आकडा होता. सगळं कालच ठोकल्यासारखं.

"खरी हाय, मावशी. मी चुकलो." त्यांना वर बघवेना.

"मले काय सांगता? मले तं ठावच होतं. जिथं बोलले, तिथं सांगा."

समारोपाला भाऊ पुन्हा मंचावर उभे राहिले. पंचवीसएक माणसं होती. शिपाई मागच्या खुर्च्या रचत होता. हसणारे तीनशे लोक आपापल्या घरी होते, आणि त्यांच्या लेखी ती रायफल नक्कलच राहणार होती. भाऊंनी उघडी नळी हातात धरली, छाप दाखवली आणि पुटपुटले, "त्या दिवशी मी न पाहताच बोललो…"

पहिल्या रांगेतून पार्वताबाईंचा आवाज आला, "मोठ्यानं बोला, भाऊ. त्या दिवशी तं दारापावतर आयकू येत होतं."