क्लॉज सातमध्ये तांडेल नव्हता

"क्लॉज सात तुम्हीच लिहिलाय ना, उदय?" मुग्धा मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

मीच लिहिला होता. निवतीच्या किनाऱ्यावर सकाळचे साडेसात वाजले होते. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता, समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडून होता, आणि मी सांगत होतो की आज पाण्यात उतरायचं नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर मलाही राग आला असता.

मी पाण्याखालचं शूटिंग करतो. फ्रीलान्स. म्हणजे डोक्यावर साहेब नाही आणि महिन्याच्या महिन्याला पगारही नाही. आधी काही वर्षं पर्यटकांना स्कूबासाठी खाली न्यायचो. स्वतःचा कॅमेरा घेतल्यावर डॉक्युमेंटरी बनवणाऱ्या कंपन्यांना मेल पाठवायला लागलो. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने कळवलं, फुकट करा, शेवटी तुमचं नाव टाकू. दोन वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. मुग्धा मॅडम तिथल्या प्रोड्यूसर. त्यांनी माझा खडकावरच्या माशांचा एक व्हिडिओ पाहिला होता. काम पसंत पडलं तर पुढची पूर्ण मालिका माझ्याकडे येणार होती. शेवटी त्यांनी विचारलं, "कॉन्ट्रॅक्ट तुम्ही पाठवता की आम्ही पाठवू?"

"मीच पाठवतो," मी ऐटीत म्हणालो. तोवर जन्मात एकही कॉन्ट्रॅक्ट लिहिलेलं नव्हतं.

नेटवरून एक इंग्रजी नमुना उतरवला आणि दोन दिवस त्याच्याशी झटापट केली. 'स्कोप' म्हणजे नेमकं काय काम करणार. 'डिलिव्हरेबल्स' म्हणजे शेवटी हातात काय देणार. हे सोपं होतं. सातवा क्लॉज 'फोर्स मेज्योर'चा, म्हणजे आपल्या हाताबाहेरच्या संकटाचा. तिथे मी लिहिलं की हवामान खात्याचा किंवा बंदर कार्यालयाचा इशारा असेल, तर डाइव्ह पुढे ढकलली जाईल. इशारा नसताना मी ठरल्या दिवशी उतरलो नाही, तर कंपनी दुसऱ्याकडून काम करून घ्यायला मोकळी. वाचून मलाच वाटलं, वा, काय वकिली डोकं आहे आपलं.

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. आमच्याकडे होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, तिच्यावरच्या माणसांची जबाबदारी घेणारा. होडी दुसऱ्याच्या मालकीची असली, तरी तांडेल नको म्हणाला की मालकही गप्प घरी जातो. मी मूळचा वालावलचा, भातशेतीवाल्या घरातला. समुद्र मला शिकवला तो बाबीकाका तांडेलांनी. त्यांनी नको म्हटल्यावर मी कधी 'का' विचारलं नव्हतं. हे कागदावर लिहायचं असतं, असं माझ्या मनातही आलं नाही. पाणी ओलं असतं, असं कोणी लिहितं का?

त्यात आणखी एक शहाणपणा केला. मी तारखा भांगाच्या धरल्या होत्या. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरती-ओहोटी मवाळ असते, पाणी कमी ओढतं. कंपनीने मेल करून तारखा पुढे सरकवल्या, त्या थेट अमावास्येच्या तोंडावर, उधाणात गेल्या. मी 'ओके' लिहून मोकळा झालो. जमणार नसेल तर बाबीकाका सांगतीलच, असा हिशेब.

आणि काकांनी सांगितलं. पहाटे जाळी बघून परत आले, होडी वर ओढली आणि वाळूत बसून जाळं शिवायला लागले.

"बोये बुडलेले आसत. पाण्याक ओढ आसा. आज उतरूचा नाय."

बोये म्हणजे जाळ्याला बांधलेले तरंगते गोळे. खालून पाणी जोरात ओढत असलं, की ते पाण्याखाली खेचले जातात. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. मोबाइलमधलं ॲप वारा दाखवतं, लाट दाखवतं, हे दाखवत नाही.

मी हे सगळं मुग्धा मॅडमना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "इशारा आहे का?"

"नाही."

"मग हे काका कोण? कॉन्ट्रॅक्टमध्ये यांचं नाव कुठे आहे?"

त्या वाईट नव्हत्या. त्यांना वरून फोन येत होते, आणि त्यांना दिसत होता तो निळा, शांत समुद्र आणि पहिल्याच दिवशी अंग चोरणारा एक माणूस. मीच काकांकडे गेलो. आज सांगायला लाज वाटते, पण मी म्हणालो, "काका, अर्धाच तास. खडकाच्या आडोशाला."

काकांनी वर बघितलं नाही. "तुका जावचा आसात तर जा. माझी होडी नाय येवची."

मी गेलो नाही. पण निखिल गेला. निखिल त्यांचा कॅमेरामन, तिशीतला, अंदमानात शिकलेला, सर्टिफिकेटवाला. "मॅम, मी करतो. फ्लॅट सी आहे," तो म्हणाला. शेजारच्या किनाऱ्यावरून पर्यटकांची एक होडी आणि एक गाईड मिळाला. क्लॉज सातप्रमाणे सगळं नियमात होतं. मी निखिलला एवढंच म्हटलं, "अँकरची दोरी सोडू नकोस." त्याने अंगठा दाखवला. मी त्याला हाताला धरून थांबवायला हवं होतं. पण माझ्याच कागदाने माझं तोंड बंद केलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागही आला होता.

साडेनऊला मुग्धा मॅडमचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि आमच्याकडे वळल्या.

"गाईड दोरी धरून वर आला. निखिल नाही आला."

काकांनी हातातलं जाळं टाकलं. "तो कितक्या वाजता उतरलो?"

"नऊला," मॅडम म्हणाल्या.

"ओहोटी लागली तेव्हाच," काका पुटपुटले आणि होडी ढकलायला लागले. सकाळी नाही म्हणणारा माणूस सगळ्यात आधी पाण्यात होता. मॅडम न विचारता आमच्याबरोबर चढल्या.

एका टाकीत साधारण पाऊण तासाची हवा असते. जोर लावून पोहलं तर त्याहून कमी. पण निखिल वर आलेला असणार, अशी माझी आशा होती. अंगात हवेचं जॅकेट असतं, माणूस तरंगतो. भीती वेगळीच. ओहोटीचं पाणी त्याला बाहेर, खोल समुद्राकडे नेत होतं आणि पाण्यातलं डोकं शंभर हातांवरूनही दिसत नाही.

खडकापाशी ती दुसरी होडी गोल गोल फिरत होती. गाईड रडकुंडीला आला होता. "हंयच उतरलेलो, हंयच!" एवढंच तो सांगत होता. काकांनी इंजिन बंद केलं आणि पाणी उपसायची करवंटी समुद्रात टाकली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो. एक माणूस हरवलाय आणि हा म्हातारा करवंटी बघतोय! मॅडमनी माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. करवंटी आधी सरळ गेली, मग खडकाच्या टोकापाशी वळून दक्षिणेकडे पळाली.

"इकडे शोधून काय गावाचा नाय," म्हणत काकांनी होडी तिकडे वळवली.

थोडं पुढे जायचं, इंजिन बंद करायचं, ऐकायचं. पुन्हा पुढे. मी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा राहून डोळे फाडून बघत होतो. उन्हाने पाणी चमकत होतं आणि प्रत्येक चमक मला माणूस वाटत होती. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "त्याच्या आईचा नंबर माझ्याकडे आहे." काकांनी पुन्हा इंजिन सुरू केलं.

अकराला पाच कमी असताना काकांनी हात वर केला. "शिट्टी."

मला ऐकू आली नव्हती. आणखी दोन मिनिटांनी नारिंगी नळी दिसली. डायव्हर जवळ बाळगतात तो फुगवायचा निशाणा. त्याखाली निखिल होता. ओठ निळे पडले होते, कॅमेरा गेला होता, माणूस शाबूत होता. वर ओढून घेतल्यावर तो कॅमेरा हरवल्याबद्दल मॅडमची माफी मागायला लागला. मॅडमनी त्याला एक थोबाडीत दिली आणि मग जवळ घेऊन रडल्या. मलाही रडू आलं. काकांनी बिडी पेटवली.

परत येताना त्यांनी मला विचारलं, "तू कागद केल्लंस मां? कितको मोठो?"

"सहा पानांचा."

"एवढो कागद, आणि माझा नाव घालूक जागा नाय गावली?"

त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

शूटिंग आठवडाभराने, भांगात झालं. मीच केलं. क्लॉज सातचा विषय मॅडमनी काढला नाही, मीही काढला नाही. पुढच्या मालिकेचं काम मिळालं, पण त्यांची एकच अट होती, की तो क्लॉज पुन्हा लिहायचा. दुसऱ्या दिवशी मी लिहून पाठवला: 'पाण्यात उतरायचं की नाही, हे तांडेल ठरवेल. त्याने कारण देण्याची गरज नाही.' नवीन मुलं मला कॉन्ट्रॅक्टचा नमुना मागतात. देतो. पण सांगतो की बाबांनो, आपल्याकडे जे कोणाला सांगावं लागत नाही ते पहिल्या पानावर घाला. वाद तिथेच होतात.

माझ्या त्या नव्या क्लॉजवर कंपनीच्या लीगलवाल्यांचं उत्तर आलं: 'तांडेलाची पात्रता व अनुभव नमूद करावा.'

मी काकांकडे गेलो. शिक्षण चौथी, सर्टिफिकेट नाही. काय लिहू, म्हणून विचारलं. त्यांनी जाळ्याची गाठ पूर्ण केली, दाताने दोरा तोडला.

"लिव, नेल्लो माणूस परत हाडूक नाय, असा अजून झाला नाय." मग म्हणाले, "आणि त्या निखिलाक तेच्यात धरू नको. तेका मी नेवक नाय, नुसतो हाडलंय."

नेलेला माणूस परत आणला नाही असं अजून झालेलं नाही, हे पहिलं वाक्य मी इंग्रजी करून पाठवलं. लीगलने त्यात एकही दुरुस्ती सुचवली नाही.