चार रेघांचा टेकू

सिरिल पेलिंग वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि ते काम आमच्या गावानं पोटभर करून झालंय.

तो पब चालवतो. पाटीवर नाव काहीही असो, आम्ही सगळे 'फनेलांकडे' म्हणतो, कारण घर सिरिलच्या बायकोच्या माहेरचं, फनेलांचं. शेती परवडेना तेव्हा एडिथच्या आजोबांनी स्वयंपाकघरात बिअरचं पिंप मांडलं आणि शेतघराचा पब झाला. ओकच्या लाकडांचा सांगाडा, मधे कुडाच्या भिंती, वरून चुन्याचा हात. सांगाड्यात खिळा म्हणून नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खांबातून निघून वरच्या तुळईला धरणारे कमानदार टेकू होते. कुठला टेकू कुठल्या खांबाचा ते चुकू नये म्हणून जुन्या सुतारांनी दोन्हींवर सारख्याच रेघा कोरलेल्या. एडिथ लहानपणी त्या रेघांवरून बोट फिरवत आकडे शिकली. शाळेत गेली तेव्हा तिला आधीच मोजता येत होतं, याचा तिला अजून तोरा.

चार रेघांचा टेकू डार्ट्सच्या फळ्यासमोर यायचा. फेकणाऱ्याचं कोपर त्याला आपटे आणि बाण भलतीकडे जाई. सिरिलला आपल्या संघाचं भारी वेड. शेजारच्या गावाशी सामना ठरला आणि नेमकी एडिथ बहिणीच्या बाळंतपणाला हेस्टिंग्जला गेली. या गड्यानं करवत घेतली आणि टेकू कापून शेकोटीत घातला! कापलेलं थोटूक दिसू नये म्हणून त्यावर घोड्याच्या साजाची पितळी पदकं टांगली.

एडिथ आली आणि टोपीही न काढता खांबापाशी जाऊन उभी राहिली.

"कीड लागली होती गं," सिरिल म्हणाला. "आतून सगळा पोकळ. पडला असता कोणाच्या तरी टाळक्यात."

"म्हणजे आता तीननंतर एकदम पाच," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढच्या हिवाळ्यापासून घर हलायला लागलं. दार घासू लागलं, कुडाला भेग गेली, टेबलावरचा ग्लास आपसूक कडेला सरकू लागला. दोष कोणाला द्यायचा? वॉली अ‍ॅकहर्स्ट खाणीतली वाळू लॉरीतून नेई, पबच्या भिंतीला जवळजवळ खेटून. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. संध्याकाळी फनेलांकडे येऊन तुळईला ठोकलेल्या आकड्यावरचा आपला जस्ती मग काढून घ्यायचा, हीच त्याची चैन. नेहमीच्या माणसांचे मग असे टांगलेले असतात, परक्यांना ग्लास.

"भूकंप आला रे, ग्लास धरा!" तो दारात दिसला की कोणीतरी ओरडे.

"लॉरीला चाकं आहेत की हातोडे, वॉली?"

सुरुवातीला तोही हसायचा. एकदा त्यानंच सिरिलला विचारलं, "तुला काय वाटतं? खरंच माझ्या लॉरीनं होत असेल?"

सिरिल ग्लास पुसत होता. वर न बघताच म्हणाला, "लॉरीच असणार. दुसरं काय?"

आणि एके दिवशी भेगेतून कुडाच्या मातीचं ढेकूळ पडलं तेव्हा एडिथचा तोल गेला. "माझं घर पाडतोयस तू, वॉली!" ती सगळ्यांदेखत बोलली. वॉलीनं अर्धा भरलेला मग काउंटरवर ठेवला, टोपी घातली आणि गेला. तो पुन्हा आला नाही. त्याचा जस्ती मग आकड्यावर धूळ खात राहिला. सिरिलला रोज तो मग डोळ्यांसमोर दिसे, पण तोंड उघडायचं धाडस होईना. भित्रा मेला.

दोन वर्षांनी खांबच कलला. ओकचं नवं लाकूड मिळाल्याशिवाय घर उभं राहणार नव्हतं आणि एवढं जाड लाकूड कुठे मिळेना. एका दुपारी दारासमोर ब्रेक करकरले. आम्ही बाहेर आलो. लॉरी उभी होती, पण इंजिनाचा आवाज आलाच नव्हता. मागे ओकचा ओंडका बांधलेला. वॉली टोपी हातात घेऊन खाली उतरला.

"काकाच्या कोठारातला आहे, एडिथ. सुकलेला आहे, चालेल," तो म्हणाला. "आणि घाबरू नकोस, इंजिन टेकडीवरच बंद केलं होतं. तू बोललीस ना, तेव्हापासून असंच करतो. तुझ्या घरावरून उतारानं नुसती घरंगळत नेतो. तरी तुझी भिंत सरकतेच. माझं काय चुकतंय, मला कळत नाही बघ."

सिरिलचा चेहरा असा उतरला की बघवेना. तो आत गेला. आम्हीही गेलो. त्यानं एकेक करून पितळी पदकं काढली. करवतीचा सरळ काप उघडा पडला. कीड नाही, भोक नाही, लाकूड खणखणीत.

"टेकू मी कापला," तो म्हणाला. "तुझ्या लॉरीनं काही झालं नाही, वॉली."

"कशासाठी कापलास?" वॉलीनं विचारलं.

"डार्ट्ससाठी. कोपर लागायचं."

वॉलीनं जरा विचार केला. "जिंकलात का?"

"हरलो."

कोणीतरी फिसकन हसलं. एडिथ कापावरून बोट फिरवत होती. वॉलीला म्हणाली, "मी सगळ्यांदेखत बोलले होते, वॉली. सगळ्यांदेखतच माफी मागते."

वॉली म्हणाला, "ओंडका उतरवायला कोणी हात लावतंय का?"

खांब सरळ झाला, नवा टेकू बसला. सुतार चार रेघा कोरायला निघाला, तर एडिथनं अडवलं. टेकू तसाच कोरा आहे.

वॉली आता शनिवारी येतो. त्याआधी सिरिल तो जस्ती मग घासून लख्ख करतो आणि काउंटरवर ठेवतो. "तुझाच आहे, वॉली," दरवेळी म्हणतो.

"असू दे रे," वॉली म्हणतो. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "परक्यांना देतोस ना, त्यातलाच एक ग्लास दे."

सिरिल ग्लास भरून देतो, आणि तो जस्ती मग पुन्हा आकड्याला अडकवतो.